आशाचं दुसरं पत्र

उज्वला भामरेने नववी ‘ब’च्या वर्गाला ‘सोनकीची पेटी’ वाचायला लावली, तेव्हा तिच्या मनात कुणाचं वाकडं करायचं नव्हतं. उलट ते पुस्तक तिने एका रविवारी सकाळी सहज हातात घेतलं, तर दुपारचा स्वयंपाक तसाच राहिला, आणि शेवटच्या प्रकरणाला ती इतकी रडली की नवऱ्याने घाबरून विचारलं, “नामपूरहून फोन आला का? सगळे बरे आहेत ना?”

कादंबरी संध्या टकले यांची. बाई नाशिकच्याच, किशोरवयीन मुलांसाठी लिहिणाऱ्या. गोष्ट अशी, की सोनकी नावाची डोंगरातली आदिवासी मुलगी शहरातल्या मोठ्या शाळेच्या वसतिगृहात शिकायला येते. ती काळी म्हणून मुली तिला चिडवतात, तिच्या बोलण्याला हसतात. एके दिवशी कुणाची तरी सोन्याची साखळी हरवते आणि सगळ्यांचे डोळे सोनकीकडे वळतात. सगळ्या शाळेसमोर तिची पत्र्याची पेटी उघडली जाते. त्यात काही सापडत नाही. साखळी पुढे दुसरीकडेच मिळते, आणि मुख्याध्यापिका भर प्रार्थनेच्या वेळी सोनकीसमोर हात जोडून माफी मागतात. सोनकी पुढे होऊन त्यांचे हात धरते. तिथे सगळे वाचक रडतात.

उज्वलाच्या रडण्याला कारण होतं. ती बागलाणातली, माहेर नामपूरचं. डी.एड.ला नाशिकला आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात भर वर्गात तिच्या तोंडून घरच्या अहिराणीत “हाई मनं पुस्तक शे” असं निघून गेलं आणि पुढची दोन वर्षं मुली तिला ‘शे’ म्हणूनच हाक मारत राहिल्या. आता तिच्या बोलण्यात अहिराणीचा मागमूस उरला नव्हता. आईशी फोनवरसुद्धा ती पुस्तकी मराठीत बोलायची, आणि मग पलीकडे आईला काय बोलावं ते सुचायचं नाही.

तिची शाळा शहराच्या टोकाला होती. निवासी, इंग्रजी माध्यमाची. निम्मी मुलं फी भरून शिकणारी, बागायतदारांची नाहीतर डॉक्टरांची. उरलेली पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरची, सरकारी योजनेतून आलेली. त्यांची फी सरकार भरायचं. या मुलांना ‘स्कीमवाले’ म्हणत. मुलं म्हणत, शिक्षकही म्हणत, आणि वसतिगृहाच्या हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे लाल पेनने ‘स्की’ असं लिहिलेलं असे. उज्वला तिथे मराठी शिकवायची. सात वर्षं झाली होती, पण अजून कंत्राटावरच.

नववी ‘ब’मध्ये योजनेतल्या मुली चारच. त्यातली आशा गावित सुरगाण्याकडची. बोलायची कमी, वाचायची फार. वर्गात सगळ्यात सुंदर अक्षर तिचं.

वाचनाच्या दुसऱ्याच तासाला मयूरने मागच्या बाकावरून हाक दिली, “ए सोनकी, तुझी गोष्ट चाललीय. नीट ऐक.”

वर्ग हसला. आशा पुस्तकात बघत राहिली. “मयूर, असं बोलू नये,” असं म्हणून उज्वलाने पुढचा परिच्छेद वाचायला घेतला. आठवड्याभरात आशाला आशा म्हणणारं वर्गात कुणी उरलं नाही. जेवणाच्या रांगेत, मैदानावर, सगळीकडे सोनकी. झडतीचं प्रकरण वाचून झालं त्या दिवशी मधल्या सुट्टीत चार-पाच जणांनी आशाचं दप्तर बाकावर उपडं केलं. “साखळी कुठंय? साखळी कुठंय?” करत तिची एकेक वही झटकली. शेवटी मयूर मुख्याध्यापिका झाला. त्याने गुडघे टेकले, हात जोडले, “माफ कर गं सोनके,” म्हणाला, आणि पोरं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडली. आशाने खाली वाकून सामान गोळा केलं. कंपासपेटीतलं कर्कटक तिला काही मिळालं नाही.

उज्वलाने हे दारातून पाहिलं. तिने पोरांना दटावलं, पण मनातून तिला बरंही वाटलं. एरवी मोबाइलमधून डोकं वर न काढणारी मुलं, पुस्तकात किती रमली आहेत!

मग शाळेचे संचालक दीपक सर यांनी ठरवलं, की फेब्रुवारीत लेखिकेलाच शाळेत बोलवायचं. मुलांनी तिला पत्रं लिहायची, सगळ्यात चांगल्या पत्राला बक्षीस. उज्वला पत्रांचा गठ्ठा घेऊन शिक्षक-खोलीत बसली. मयूरने लिहिलं होतं, की गरिबांवर अन्याय करणाऱ्यांना चौकात फाशी द्यावी. समृद्धी आहेरने लिहिलं होतं, ‘प्रिय संध्याताई, सोनकीचं दुःख वाचून मी दोन दिवस नीट जेवले नाही. ती माझ्या शाळेत असती तर मी तिला माझ्याच बाकावर बसवलं असतं.’ समृद्धीने जूनमध्ये आईच्या सहीचा अर्ज देऊन आशाशेजारची जागा बदलून घेतली होती. अर्जात कारण होतं, ‘तेलाचा वास’. तो अर्ज उज्वलाच्याच फाइलला लावलेला होता. तिने पत्राखाली ‘सुंदर!’ असा शेरा लिहिला आणि पुढचं पत्र उचललं. ते आशाचं होतं.

‘संध्या मॅडम, तुमचं पुस्तक वाचलं. सोनकी फार रडते. बाराव्या पानावर रडते, तिसाव्यावर रडते, मग सारखीच रडते. आमच्या इथे ऑगस्टमध्ये समृद्धीचं घड्याळ हरवलं, तेव्हा अकरा जणींच्या पेट्या व्हरांड्यात उपड्या केल्या. फक्त स्कीमच्या मुलींच्या. समोर मुलं उभी होती. पहिली पेटी भागीची. तिचे पाळीचे कपडे सगळ्यांनी बघितले. भागी रडली नाही. तिने सगळं परत भरलं आणि झाकण लावलं. चार दिवसांनी घड्याळ समृद्धीच्या डान्सच्या बॅगेत सापडलं. आम्हाला कुणी सांगितलं नाही. तिच्या हातात दिसलं म्हणून कळलं. भागी दिवाळीला घरी गेली ती आली नाही. ती आता आईबरोबर द्राक्षाच्या बागेत जाते.

‘तुमच्या पुस्तकात मोठ्या बाई माफी मागतात. ते तुम्ही मनाचं लिहिलं, की खरंच कुठे झालं होतं? झालं असेल तर त्या शाळेचं नाव मला कळवा. आणि सोनकी लगेच हात का धरते? तिला थोडा वेळ का दिला नाही?

‘पेटी उघडणाऱ्या बाईंचं नाव तुम्ही पुस्तकात दिलं नाही. आमच्या पेट्या ज्यांनी उघडल्या त्यांचं नाव मला माहीत आहे. पण मी लिहीत नाही, कारण ही पत्रं त्याच तपासणार आहेत.’

उज्वलाचे कान तापले. शेजारी गणिताचे सर वह्या तपासत होते, त्यांना दिसू नये म्हणून तिने कागद उलटा ठेवला. ऑगस्टमधली ती सकाळ तिला आठवली. “मॅडम, मुलींचं सामान आहे, तुम्हीच बघा,” असं दीपक सर म्हणाले होते. अकरा पेट्या होत्या आणि घंटा व्हायला दहा मिनिटं. एकेक वस्तू काढून बघत बसायला वेळ नव्हता, म्हणून तिने पेटी सरळ उलटी केली होती. एवढंच. सोनकीसाठी ती एक अख्खा रविवार रडली होती, आणि त्या दिवसात भागी तिला एकदाही आठवली नव्हती.

लाज वाटली ती तासभर. मग भीती वाटली. आणि मग राग आला, तो मात्र टिकला. पुस्तक वर्गात आणलं कुणी? मीच. हिच्या अक्षराचं सगळ्यांसमोर कौतुक केलं कुणी? मीच. आणि ही माझ्यावरच उलटते?

दीपक सरांनी पत्र शांतपणे दोनदा वाचलं.

“पोरीला लिहिता येतं,” ते म्हणाले.

“काढून टाकते मी हे, सर. स्पर्धेतच घेत नाही.”

“छे! पहिलं बक्षीस हिलाच द्या. योजनेतली मुलगी, लेखिकेच्या हातून बक्षीस. त्या दिवशी आदिवासी प्रकल्प कार्यालयाचे साहेब येणार आहेत, पुढच्या वर्षीच्या जागा त्यांच्याच सहीने मिळायच्या. फक्त पत्र नवीन लिहून घ्या.” कागद परत देता देता ते हसले. “तुमची कायम करायची फाइल याच महिन्यात पुढे जातेय, मॅडम. मी विसरलेलो नाही.”

शाळा सुटल्यावर उज्वलाने आशाला रिकाम्या वर्गात थांबवलं.

“बस ना. पत्र वाचलं मी तुझं. भाषा फार छान आहे.”

आशा उभीच राहिली.

“फक्त काय आहे, पाहुण्यांना बोलावून कुणी घरातली भांडणं सांगतं का?”

“भांडण नव्हतं, मॅडम.”

“बरं, भांडण नाही. पण झालं ते झालं. आता उगाळून भागीला काय मिळणार आहे?”

“मी भागीसाठी नाही लिहिलं. त्यांनी विचारलंय ना, पुस्तक वाचून काय वाटलं.”

उज्वलाने खिडकीबाहेर पाहिलं. खाली लहान मुली लंगडी खेळत होत्या. त्यांत आशाची धाकटी बहीण होती.

“चंद्रा तिसरीत ना आता?” तिने विचारलं. “काय इंग्रजी बोलायला लागलीय! परवा मला ‘गुड मॉर्निंग मॅडम, हाऊ आर यू’ म्हणाली. इतक्या लहान वयात शाळा सुटली की फार नुकसान होतं बघ मुलांचं.”

हे आपण ठरवून बोललो नाही, असं तिने नंतर स्वतःला बऱ्याचदा सांगितलं. पण बोलताना तिचा आवाज फार मऊ होता, एवढं मात्र तिला ऐकू आलं होतं.

आशाने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. मग ती बाकावर बसली आणि तिने कोरा कागद पुढे ओढला.

उज्वला सांगत गेली, आशा लिहीत गेली. सोनकीने मला धीर दिला. माझ्या शिक्षकांनी मला पंख दिले. शेवटचं वाक्य उज्वलाने जरा विचार करून सांगितलं, “‘सोनकीला जसा न्याय मिळाला, तसा आम्हालाही आमच्या शाळेत रोज मिळतो.’”

“मॅडम, ‘मिळाला’नंतर स्वल्पविराम देऊ का?”

“दे.”

आशा गेल्यावर उज्वलाने पहिलं पत्र फाडलं. चार तुकडे केले तरी वाचता येत होतं, म्हणून आणखी बारीक केले.

कार्यक्रमाच्या दिवशी आशाचे आईवडील, बारकू आणि पुतळाबाई, विंचूरकडच्या द्राक्षबागेतून अर्धा रोज बुडवून आले. दोघंही तिथे घड तोडायला होते. ती दोघं मागच्या खुर्च्यांवर टेकली होती, पण फोटोसाठी दीपक सरांनी त्यांना पुढच्या रांगेत आणून प्रकल्प कार्यालयाच्या साहेबांशेजारी बसवलं. पुतळाबाई खुर्चीच्या कडेवर बसली, पाठ न टेकता.

संध्या टकले छान बोलल्या. पुस्तकाने माणूस बदलतो, म्हणाल्या. समृद्धीने आपलं पत्र वाचलं आणि वाचता वाचता खरोखरच रडली. तिच्या आईने पहिल्या रांगेतून तिचा व्हिडिओ घेतला. मग आशा माइकसमोर आली. एकही शब्द न अडखळता तिने दुसरं पत्र वाचलं. रोज मिळतो, म्हणाली आणि कागदाची घडी केली. टाळ्या थांबेनात. संध्याताईंनी तिला जवळ घेतलं.

“तुला सगळ्यात जास्त काय आवडलं गं पुस्तकातलं?”

आशा म्हणाली, “मोठ्या बाई माफी मागतात ते.”

“का बरं?”

“तसं कधी बघितलं नव्हतं.”

संध्याताईंचे डोळे भरून आले. टाळ्या पुन्हा सुरू झाल्या.

नंतर दीपक सरांच्या खोलीत चहा, सामोसे आले. संध्याताई उज्वलाजवळ सरकल्या आणि हसून हळूच म्हणाल्या, “पत्र जरा जास्तच नीटनेटकं होतं हो. मला कळतं, तीस वर्षं लिहितेय मी. पण असू दे. ते न्यायाचं वाक्य मला द्या, नव्या आवृत्तीच्या पाठीवर घालू.” उज्वलाही हसली.

तेवढ्यात दारात बारकू उभा राहिला. मागे पुतळाबाई, आणि बक्षिसाची ढाल धरलेली आशा. आशा त्याचा सदरा मागून ओढत होती, पण तो पुढे आलाच.

“साहेब, पोरीनं वाचलं ते आयकलं. लय बरं वाटलं. म्हनून एक इचारतो.” त्याने हात जोडले होते. “आमच्या शेजारच्या पाड्यावरची भागी. हितंच होती. आता आमच्या संगं घड तोडाया येती. साळंत काय झालं ते पोर सांगत नाय. तुमच्याकडं न्याय मिळतो म्हनता, तर तिला परत घ्या ना. हुशार हाय ती.”

प्रकल्प कार्यालयाच्या साहेबांनी सामोसा बशीत ठेवला. “कोण भागी?”

“एक मुलगी होती, सर,” दीपक सर सहज म्हणाले. “आजारी असायची. घरच्यांनीच नेली. हो ना, भामरे मॅडम?”

सगळे उज्वलाकडे बघायला लागले. आशाही.

“हो,” उज्वला म्हणाली. “अशक्तपणा होता तिला. आम्ही खूप समजावलं पालकांना.”

“आजारी नव्हती,” आशा म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण खोलीत ऐकू आला नाही असं कुणी नव्हतं. साहेब संचालकांकडे बघत राहिले. संध्याताईंनी आशाकडे पाहिलं, मग उज्वलाकडे, मग आशाच्या हातातल्या ढालीकडे. काहीतरी विचारायला त्यांनी तोंड उघडलं. आणि मग त्यांनी घड्याळ बघितलं.

“सटाण्याला चारला कार्यक्रम आहे माझा, निघायला हवं,” त्या म्हणाल्या. जाता जाता त्यांनी आशाच्या गालाला हात लावला. “किती जीव लावतात ना ही मुलं एकमेकांना!”

साहेबांनीही रुमालाला हात पुसले. बारकू कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे बघत होता. आपण काही चुकीचं बोललो, एवढं त्याला कळलं होतं. काय चुकीचं बोललो ते कळलं नव्हतं. “माफ करा, साहेब,” तो म्हणाला. “आम्हाला बोलता येत नाय.”

आशाने त्याचा जोडलेला हात धरून खाली केला. “बा, चल,” म्हणाली.

मे महिन्यात योजनेतल्या काही मुलांना दुसऱ्या शाळांत हलवायची यादी निघाली. यादी संगणकावर उज्वलानेच केली. दीपक सरांनी दोन नावं तोंडी सांगितली होती: आशा बारकू गावित, चंद्रा बारकू गावित. कारणाच्या रकान्यात उज्वलाने लिहिलं, ‘पालकांच्या विनंतीवरून’. बारकूला बोलावून सही घेतली, तेव्हा त्याला वाटलं, बक्षीस मिळालं म्हणून पोरींना आणखी मोठ्या शाळेत पाठवताहेत. तो लिपिकाला पेढे द्यायला लागला. जी शाळा दिली होती ती सातवीपर्यंतच होती. दहावीची सोय आशाने आपली आपण बघायची होती. हे बारकूला कुणी सांगितलं नाही. आशाने यादी वाचली तेव्हा तिला कळलं, पण बापाच्या हातातला पेढ्यांचा पुडा बघून तीही गप्प बसली.

दाखले द्यायच्या दिवशी बारकू खाली फाटकाशी ट्रंका घेऊन उभा होता. चंद्रा त्याच्याभोवती पळत होती. आशा एकटीच वर आली. उज्वलाने दाखले पुढे केले. वर्तणूक ‘चांगली’ असं तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं.

“दहावी सोडू नकोस हं, आशा.”

“हो, मॅडम.”

“काही अडलं तर मला फोन कर.”

“तुमचा नंबर नाही माझ्याकडे.”

“अगं हो, थांब, देते.” उज्वला टेबलावर पेन शोधू लागली. पेन वह्यांच्या खाली गेलं होतं. ते सापडून तिने मान वर केली तोवर आशा जिना उतरली होती. खिडकीतून हाक मारली असती तर ऐकू गेली असती. तेवढ्यात शिपाई सांगत आला, की सर बोलावताहेत, कायमची ऑर्डर आली आहे, सगळे पेढे मागताहेत. उज्वलाने पेनाला टोपण लावलं, साडीचा पदर सारखा केला आणि ती दीपक सरांच्या खोलीकडे गेली.